दोरी बांधलेल्या चपला

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. ज्यांनी हे ठरवलं, त्यांचा भाऊ असा गेला नसावा. मी संभावर रागावले आहे, त्याहून जास्त काकांवर, आणि महिना उलटून गेला तरी राग तसूभर उतरलेला नाही. शिवाजी पेठेतून काकांचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीत माझ्या घरी भाजी निवडत होते. "विद्ये, संभाचा पाय घसरला गं. जिन्यावरनं पडलाय." डोक्याला मार होता. तो शुद्धीवर आलाच नाही... भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका अजून हेच सांगतात, पाय घसरला. साफ खोटं आहे. पाय घसरायला आधी तो कुठे टेकलाय हे कळावं लागतं, आणि संभाला ते कितीतरी महिने कळत नव्हतं.

संभा माझा धाकटा भाऊ. प्रथिनांतला एक घटक त्याच्या शरीराला जन्मतःच मोडता येत नव्हता. तो साठला की मेंदूवर जातो. आमचा मधला भाऊ त्याच दुखण्याने गेला, म्हणून आईने संभाला तान्हा असतानाच मुंबईला नेऊन तपासून घेतलं होतं. तेव्हापासून दूध, अंडी, मटण, डाळ सगळं बंद. आणि हे कोल्हापुरात! वडील आणि काका दोघेही तालमीतले. संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून घेऊन ग्लास तोंडाला लावायचे, आणि हा शेजारी उसाचा रस घेऊन उभा. घरात तांबडा-पांढरा रस्सा उकळत असला की आई याला आधी दाण्याच्या कुटाशिवायची साबुदाण्याची खिचडी वाढायची. तो त्याबद्दल कधी कुरकुरला नाही. कुरकुर फक्त डब्याची. मुंबईहून येणाऱ्या त्या डब्यात पांढरी पावडर असे. त्याला सोसतील अशी प्रथिनं त्यात वेगळी करून घातलेली, आणि इतरांना दूध-मटणातून मिळतं ते बी-१२ सुद्धा त्यातच. वास असा, की पेला हलवायला घेतला की मांजर उठून बाहेर जाई. आई रोज पुढ्यात बसून पाजायची. "नाक धर आन् घे," म्हणायची. पेला रिकामा झाल्याशिवाय ती उठत नसे.

आई गेली आणि स्वयंपाकघर काकांकडे आलं. वडील आधीच गेले होते, काकांनी लग्न केलेलं नव्हतं, संभा त्यांचा जीव की प्राण. हे मी नाकारत नाही, म्हणून तर जास्त चीड येते. एकदा गेले तर फळीवर डबा दिसेना. विचारलं तर काका म्हणाले, "बंद केला. डब्यावरच लिवलंय की प्रोटीन! डाक्टर म्हंत्यात प्रोटीन नगं, आन् आम्ही डबंच्या डबं पाजायचं व्हय? तुझ्या आयला इंग्लिश येत नव्हतं, मला येतंय."

मी सांगितलं की हे प्रोटीन वेगळं. सांगितलं की डबा बंद म्हणजे जीवनसत्त्वंही बंद, आणि त्याच्या ताटात दुसरीकडून ती येणारच नाहीत. मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. काका "व्हय, व्हय" म्हणाले आणि मी नेऊन दिलेले नवे डबे तालमीतल्या पोरांना वाटून आले. पोरांनी एक घोट घेतला आणि गटारात थुंकले म्हणे. आणि संभा? तो हसत होता. वासातून सुटला होता ना! "ताई, बरा हाय की मी. काका काय वाईट करतील व्हय माझं?" तिशी ओलांडलेला माणूस, आईचा एवढा जन्म त्या पेल्यात गेला, आणि याला आयती सुट्टी मिळाली. बाकीचं पथ्य मात्र दोघांनी जिवापाड पाळलं, दुधाचा थेंब नाही. गल्लीत कौतुक, संभा किती सात्त्विक.

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. एकदा तो रंकाळ्यावरून एका पायात चप्पल घालून घरी आला. दुसरी कुठे गळाली त्याला ठाऊक नव्हतं, आणि तळव्यातून रक्त येत होतं तेही नव्हतं. काका पोट धरून हसले. त्यानंतर संभानेच नव्या चपलांना मागून दोरी बांधली, टाचेभोवती आवळून. मी डॉक्टरांकडे नंबर लावला, रक्त तपासायचं ठरलं. मी तिथे वाट बघत बसले आणि त्याच सकाळी काकांनी त्याला तालमीत नेलं. "नस दबलीया. वस्ताद तेल लावून मोकळी करत्यात, बघ." वस्तादांनी चोळ चोळ चोळलं. संभा म्हणाला, लई बरं वाटलं. कसं वाटलं असेल? पाय तर त्याला कळतच नव्हते.

पुढच्याच आठवड्यात जिना. दवाखान्यात रक्त तपासलं तर बी-१२ जवळजवळ नव्हतंच, पायांच्या नसा त्यानेच बधिर होत गेलेल्या. साध्या इंजेक्शनांनी थांबलं असतं, असं तिथली डॉक्टर मला म्हणाली. काका शेजारी उभे होते. 

दहाव्याला काकांनी कट्ट्यावरून ताज्या धारेचा ग्लास आणून पिंडाशेजारी ठेवला. "जन्मभर तरसलं गं पोरगं," म्हणाले आणि रडले. मी तो ग्लास सगळ्यांदेखत उचलून ओतून टाकला. भावकी अजून माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही.

परवा पेठेत गेले होते. संभाच्या चपला उंबऱ्याच्या आत तशाच पडल्या आहेत, दोरीच्या गाठीसकट. काका म्हणाले, "विद्ये, ह्या कुणाला तरी देऊन टाकूया का?" मी म्हटलं, "हात लावायचा नाही. तिथंच राहू देत." काकांनी मान हलवली. मग कट्ट्यावर जायला निघाले, दारात थांबले, खाली बघून नीट पाय उचलला आणि चपला ओलांडून गेले. त्यांना त्यांचे पाय कळतात.