अभ्याच्या उणिवा

चार माणसं दर रविवारी एकाच टेबलाभोवती बसायला लागली की किस्से आपोआप साठतात. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे. टाकवत नाहीत, आणि एक ओढली की तिच्यातून दुसरी निघते. आमच्या ग्रुपचे ढीगभर आहेत, त्यातले निम्मे एकट्या अभ्याचे. मी ते हसत हसत सांगायला घेतो आणि मध्येच कुठेतरी माझं हसू थांबतं. तुमचं कुठे थांबतं बघा.

आधी खेळ सांगतो, नाहीतर डोक्यावरून जाईल. कागद, पेन्सिल, फासे आणि गप्पा, एवढंच सामान. एक जण मास्तर. तो गोष्ट रचतो, राक्षस आणतो, नियम सांभाळतो. बाकीचे आपापलं पात्र बनवून त्या गोष्टीत घुसतात. अवसरीला इंजिनिअरिंग करताना हे वेड लागलं, डिग्री मिळाली तरी सुटलं नाही. आठवडाभर मी ठिबकचे पाइप विकतो, रविवारी मी मास्तर. स्वप्नाली घोडेगावची, कॉलेजात लॅब सांभाळते, जीभ तिखट. बाळू भीमाशंकरच्या वाटेवरच्या डोंगरातला, घरची भातशेती आणि स्वतःची जीप. आणि अभ्या म्हणजे अभिजित, आणे गावचा, पठारावरचा, डेअरीत मशिनं दुरुस्त करणारा.

आमची बैठक मंचरला, एका खताच्या दुकानावरच्या खोलीत. फासे आपटल्याचा आवाज खाली जायचा. एकदा दुकानवाले काका तावातावाने वर आले. "काय लावलंय रं? जुगार?"

"न्हाई काका," बाळू म्हणाला. "राक्षस मारतोय."

काकांनी टेबल बघितलं, आमची तोंडं बघितली. "किती ऱ्हायलेत?"

"दोन."

"मग उरका लवकर. गाडी यायचीय, पोती उतरवू लागा!"

*

अभ्याला खेळापेक्षा नियमांच्या पुस्तकात जास्त रस. आम्ही ते पुस्तक चाळायचो, हा वकिलासारखा वाचायचा. कुठे स्वल्पविराम आहे, कुठे नाही, सगळं पाठ.

त्यात एक नियम आहे. पात्र बनवताना एखादी उणीव पत्करली, लंगडेपणा म्हणा, तोतरेपणा म्हणा, तर बदल्यात गुण मिळतात. त्या गुणांतून ताकद विकत घ्यायची. आम्ही बापुडे एखाद-दुसरी उणीव घ्यायचो. अभ्याने शोधून काढलं की किती घ्यायच्या याला पुस्तकात मर्यादाच नाही!

मी एकदा भुतांचा किल्ला रचला. पंधरा दिवस खपलो होतो त्यावर. आत पाऊल टाकलं की भीतीने हातपाय गळणार. अभ्याचा योद्धा सरळ आत गेला. मी म्हटलं, "फासा टाक, घाबरतोस का बघू."

"घाबरत न्हाई," अभ्या म्हणाला. "झोपलाय त्यो."

त्याने 'झोपेत चालतो' ही उणीव घेतली होती. आणि पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं, झोपलेल्याला भीती लागू नाही. गडी घोरत घोरत सगळा किल्ला मारून बाहेर आला. मी पुस्तक मिटून आपटलं. स्वप्नाली म्हणाली, "मास्तर, त्याला उठवू नका, आपला खजिना घेऊन येतोय!"

*

या खेळात सगळी पात्रं अनाथ असतात, कारण मास्तर लोक दुष्ट असतात. पात्राला घरदार आहे म्हटलं की पुढच्या रविवारी मी ते पळवणार. बाळूच्या पात्राची बहीण मी तीनदा पळवली. शेवटी तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता तुमच्याकडंच. जेवायला घालताय ना?"

अभ्या यात सगळ्यांच्या पुढे गेला. एका रविवारी त्याने नवीन कागद माझ्यापुढे सरकवला. जनावरांना हा जाणवत नाही, तीन गुण. याचा चेहरा कुठे उमटत नाही, तीन गुण. घरी याची वाट बघणारं कोणी नाही, सहा गुण. नावाचा रकाना कोरा. "नावच न्हाई तर मंत्र कुनावर टाकणार?" आणि मिळालेल्या बारा गुणांत त्याने एकच गोष्ट घेतली होती. मरण नाही.

"ह्या कुठल्या उणिवा?" स्वप्नाली उखडली. "ह्या तर सोयी झाल्या!"

मी पुस्तक काढलं. त्यात लिहिलंय की घेतलेली उणीव जाणवली पाहिजे, आणि ती जाणवेल हे बघणं मास्तरचं काम. मास्तरच्या सहीशिवाय कागद खरा नाही. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर कौतुकच जास्त वाटलं. इतकी चलाखी आपल्याला का सुचत नाही, असंही वाटलं. मी म्हटलं, "जाणवेल बरं का, अभ्या."

"जाणवंल तवा बघू की!"

मी सही केली.

आणि अगदी तेव्हाच त्याचा फोन वाजला. पाच वाजले होते. अभ्याला वडील नाहीत, भावंडं नाहीत. आण्याला आई एकटी. तो रविवारी संध्याकाळी घरी जायचा आणि पाचच्या ठोक्याला तिचा फोन यायचा, "निघाला का रं? भाकरी टाकू?" त्याने उचलला नाही तर मला. तेव्हा मात्र आम्ही फक्त हसलो, की बघ, तुझ्या अनाथाची आई आली फोनवर!

*

आमच्याकडे बिबट्याचं कुणाला नवल नाही. उसाच्या कडेने जाताना मोबाइलवर मोठ्याने गाणी लावायची, एकटं खाली वाकायचं नाही, हे सगळ्यांना माहीत. पण हा प्रकार वेगळा.

दुपारी तीनची वेळ. बाळूची जीप गरम झाली म्हणून अभ्या खाली उतरून पाणी ओतत होता, बाळू आत. शेजारच्या उसातून मादी बाहेर आली, मागे दोन बछडे. तिने बाळूकडे बघून दात दाखवले आणि अशी गुरकावली की त्याने काच वर घेताना हँडलच उपटलं. मग तिने रस्ता ओलांडला. अभ्याच्या इतक्या जवळून, की तिची शेपटी त्याच्या पँटला घासली. एक बछडा तर त्याच्या बुटावर पाय देऊन गेला.

"मी गाडीत, काचंआड, तर माज्यावर गुरकावली!" बाळू सांगत होता. "आन् ह्यो रस्त्यात उभा, तर ह्याच्याकडं ढुंकूनबी न्हाई! लई बेकार, राव!"

अभ्याचा चेहरा फुललेला. "तीन गुण वसूल, मास्तर!"

आम्ही पोट धरून हसलो. बाळू हसला नाही. "हसू नका," तो म्हणाला. "पिल्लावाली मादी माणूस बगून सोडत न्हाई. तिला तितं कुनी दिसलंच न्हाई."

*

डेअरीत हजेरीचं मशिन आहे. समोर तोंड न्यायचं, हिरवा दिवा लागला की आत. अभ्याला लाल दिवा लागायला लागला. चेहरा ओळखला नाही असं नव्हे, 'चेहरा आढळला नाही' असं यायचं. तो ऑफिसात तक्रार घेऊन गेला.

साहेब म्हणाले, "मशिन दुरुस्तीला कोण आहे आपल्याकडे?"

"मीच."

"मग अर्ज तुमच्याच नावाने करा की!"

अभ्याने मशिन खोललं, पुसलं, जोडलं. परत समोर उभा राहिला. पटकन हिरवा दिवा लागला. हा खूश झाला आणि नाव वाचलं, तर वॉचमनचं! वॉचमन त्याच्या पाठीमागे उभा होता. डेअरीत सगळे हसले, मशिनला चकवा लागला म्हणाले. मीही ऐकून हसलो. मग घरी जाताना लक्षात आलं की तो वॉचमन चांगलाच बुटका आहे, आणि अभ्या सहा फुटी. हा समोर असताना त्याचं टक्कलसुद्धा दिसायचं नाही.

*

त्यानंतरचा रविवार. खेळ असा रंगला होता की विचारू नका. पाळीपाळीने फासे पडत होते, दोन तासांत राक्षसाचा अख्खा वंश संपवला. मी हात झटकत म्हटलं, "वा! चहा सांगा रे, तीन."

टेबलाच्या त्या टोकाकडून आवाज आला. "मास्तर, माजी पाळी कवा यायची?"

अभ्या तिथेच बसला होता. फासा मुठीत धरून. आम्ही निदान वीसदा त्याला वगळून गोल फिरलो होतो आणि तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. पाळ्या सांभाळणं माझं काम. मला इतकी लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती.

सहज घड्याळ बघितलं. सव्वापाच झाले होते. अभ्याचा फोन टेबलावर गप्प पडला होता, माझाही.

"गेल्या रविवारी घरी गेल्तो," अभ्या म्हणाला. "आई दारात आली. म्हनली, कोन पायजे?" तो हसायला बघत होता. "चष्मा नव्हता तिच्या डोळ्याला."

"मावशी चष्मा लावते?" बाळूने विचारलं.

"न्हाई," अभ्या म्हणाला.

मग त्याने फासा खाली ठेवला. "मास्तर, मला कायबी नको. ती सहाची उणीव खोडा. मला माजी आई पायजे."

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

उणीव परत करायची सोय पुस्तकात आहे. पहिली अट, तिच्यावर घेतलेलं सोडायचं. अभ्याने 'मरण नाही' वर स्वतः काट मारली, पेन्सिल कागदातून आरपार गेली. दुसरी अट, मास्तरने पात्राला नावाने हाक मारायची आणि पात्राने ओ द्यायची. आणि नावाचा रकाना कोरा! सही झाल्यावर तो रकाना खेळणाऱ्याला भरता येत नाही, सही करणाऱ्या मास्तरलाही नाही. मी तीनदा वाचलं. अभ्याने एकदाच वाचलं.

"सही करनाऱ्याला न्हाई," तो म्हणाला. "मग मास्तर बदला. आईला मास्तर करा."

"नाव तर आत्या ठिवते," बाळू म्हणाला.

"मला आत्या न्हाई. आन् हाक आईच मारते."

त्याच्या सगळ्या चलाख्यांत ही मला सगळ्यात चांगली वाटली. शनिवारी सकाळी बाळूच्या जीपने आणे घाट चढलो. पठारावर वारा भणाणत होता. मावशी ओसरीवर बाजरी चाळत बसली होती. "या पावणं, बसा," म्हणाली. चौघांना पाणी दिलं. अभ्याला देताना तिने त्याच्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, जरासं अदबीने. त्याने पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

मी म्हटलं, "मावशी, एक खेळ आहे. आज तुम्ही मास्तर."

"मला काय कळतंय त्यातलं!" ती हसली.

"काही अवघड नाही. या कागदावर एक जण आहे, त्याला नाव नाही. तुम्ही ठेवायचं आणि त्याला हाक मारायची."

"नाव न्हाई? आरं आरं, कुनाचं लेकरू म्हनायचं!" तिने कागद हातात घेतला, उलटासुलटा बघितला. मग लाजून म्हणाली, "मला आपलं एकच नाव येतंय, बाबा. अभिजित."

मी ते लिहिलं. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. स्वप्नालीने अभ्याचा हात घट्ट धरला होता.

"आता हाक मारा, मावशी. रोज मारता तशी."

तिने चाळण खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि आमच्याकडे पाठ करून मागच्या दाराकडे तोंड केलं.

"अभ्याऽऽ!"

अभ्याने ओ द्यायला तोंड उघडलं.

"आलो गं आई!"

आवाज परसातून आला, घराच्या मागून. अभ्याचाच आवाज. सहा वर्षं हाच आवाज माझ्याशी एकेका नियमावर भांडलाय, मी चुकणार नाही. आणि अभ्या माझ्या शेजारी बसला होता, तोंड अर्धवट उघडं, त्यातून काहीच बाहेर आलेलं नव्हतं.

परसात कुणीतरी हातपाय धुवायला लागलं. मावशीचा चेहरा एकदम खुलला. अभ्या उठायला लागला तसा तिने मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं.

"बसा, पावणं. माजं पोरगं आलंच. त्याला भेटल्याबिगर जायाचं न्हाई."