या, या

आधीच सांगते, मी गणित शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्याला मी सरळ विचारते, पुरावा काय? आमच्या स्टाफरूममध्ये म्हणूनच मला कोणी असल्या गोष्टी सांगत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

माझे बाबा दिघोरीचे. जन्मभर धानाची शेती केली. पक्षाघाताचा झटका आल्यावर मी त्यांना तुमसरला आमच्या घरी आणलं. बोलणं गेलं होतं, उरलं एवढंच – "या... या." दाराकडे बघून म्हणायचे. दिघोरीला आल्यागेल्याला ते असंच बोलवायचे, म्हणून आम्ही दाराशी एक खुर्चीच ठेवली. माझे मिस्टर तर विचारायचे, "बाबा, पाहुण्यांचा चहा ठेवू का?"

मग बाबांनी जेवण सोडलं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. अळणी भाताचा घास जवळ नेला की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. असे तीन दिवस गेले. रविवारपर्यंत खाल्लं नाही तर सोमवारी नाकातून नळी टाकायची, असं ठरलं. आईचे शेवटचे दिवस त्या नळीवरच गेले होते. मला ती पुन्हा बघायची नव्हती.

त्याच रविवारी आमच्या शाळेतल्या मडावी मॅडमच्या गोंड समाजाचा मेळावा होता, नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाला लागून. महिनाभर आधीच हो म्हणून बसले होते. मिस्टर म्हणाले, "जाऊन ये वो, मी आहो ना बाबांजवळ." गेले. बाबा आजारी आहेत एवढंच मॅडमना माहीत होतं. ते जेवत नाहीत, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं की रडू यायचं.

पिवळे झेंडे, ढोल, जो तो हात जोडून "जय सेवा" म्हणतोय. पंगतीत माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं मला विचारलं, "किती देवाची वो तू?"

मला वाटलं, गंमत करतेय. म्हटलं, "तेहतीस कोटी!"

अख्खी पंगत हसली. मडावी मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "अवो मॅडम, कुळ विचारून राहिली ते. आमच्यात कोणी चार देवाचे, कोणी सात देवाचे असतात." माझं तोंड एवढंसं झालं. म्हातारी मात्र मजेत होती. "लय झाले वो तुले देव," म्हणाली.

तेवढ्यात वाढणारी मुलगी तिच्यासमोर वाकली. "याया, भात देऊ?"

माझा हात थांबला. मी मॅडमना विचारलं, ही "या या" काय म्हणतेय?

"याया. गोंडीत आईले याया म्हणतात."

म्हातारीनं पहिला घास पुरख्यांसाठी, म्हणजे पूर्वजांसाठी, पानावर काढून ठेवला. तो तर सगळ्यांनीच ठेवला होता. पण तिनं अजून एक पान घेतलं. त्यावर भात, थोडं पाणी, चिमूटभर मीठ. लहान लेकराला भरवायचा तसा मऊ कालवला.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"तुया बाप जेवला का?"

मी नुसती मान हलवली... नाही.

"जेवल आता," ती म्हणाली आणि आपलं जेवू लागली. मी घड्याळ बघितलं, मास्तरकीची सवय. एक चाळीस.

घरी पोचले तर मिस्टर दारातच. "किती फोन लावले तुले! बाबा जेवले. वाटीभर भात!"

"किती वाजता?"

"दोनले वीस कमी असन. दाराकडे पाहून या या म्हणाले, हासले, अन् तोंड उघडलं. अन् बोलले वो! 'मीठ बराबर आहे' म्हणे."

"तुम्ही मीठ घातलं होतं?"

"आईच्यान नाही."

पातेल्यात उरलेला भात मी खाऊन पाहिला. अळणीच होता. तिथेच खाली बसून मी ढसाढसा रडले. सोमवारी नळी टाकावी लागली नाही. बाबा त्यानंतर रोज जेवले, पण "या, या" पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. दिघोरीला थोरल्या आत्याला विचारलं, बाबांना लहानपणी कोणी गोंड बाईनं सांभाळलं होतं का? आत्या चिडलीच. "आईनंच पाजलं त्याले. अन् नाकाडोंगरी त्यानं सपनात तरी पाह्यली का?" मग बाबा कोणाला हाक मारत होते? की ते खरंच पाहुण्यांना बोलवत होते, आणि बाकीचं मी जुळवून घेतलं? योगायोग म्हणावं, तर मिठाचं काय? गणित सुटलेलं नाही, हे कबूल करते.

पुढच्या महिन्यात मडावी मॅडमना घेऊन म्हातारीच्या घरी गेले. अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं मला ओळखलंच नाही. दुसरं पान, माझे बाबा, काही म्हणजे काही आठवेना. "मी म्हटलं असं? नसन वो बाई."

मी निघाले. फाटकाशी पोचले तर मागून हाक आली.

"मीठ बराबर झालं होतं ना वो?"