काळ्या देठाचा कसावा

लग्नाला आठवडाही झाला नव्हता, तोवर सासूने माझ्या हातचं पातेलं चुलीवरून उलथून टाकलं. मी किनाऱ्याकडची पोर. आमच्याकडे कसावा सोलायचा, उकडायचा, मीठ-मिरची लावून खायचा. इथे टोपलीभर कंद दिसले, म्हटलं चला, नव्या सुनेचं कौतुक होईल. कौतुक कसलं! बाईने वल्ह्याने पातेलं ढकललं, निखारे चरचरले, आणि वर मलाच म्हणाली, "मरायला आलीस का इथे?"

महिनाभर मी गाल फुगवून होते. नवऱ्याला, विल्फला, सुनावलं, "तुझ्या आईला माझ्या तोंडातला घास बघवत नाही." तो म्हणाला, "अगं, तो कडू कसावा. किसून, पिळून, पाणी काढल्याशिवाय खाल्ला तर माणूस संध्याकाळ बघत नाही." मेल्या, हे आधी नाही सांगायचं? पण इथली माणसं अशीच. शेंबड्या पोराला जे ठाऊक, ते सुनेला कशाला सांगायचं!

तर अशी ही माझी सासू, डोरिंडा. चणीने एवढीशी, जीभ मिरचीसारखी. नदीच्या मधोमध वायाका नावाचं बेट, त्यावर तिचं शेत, तिच्या आईकडून आलेलं. कडू कसाव्याच्या सात जाती. देठाचा रंग बघून ओळखायची, मला नऊ वर्षांत चारच जमल्या. काळ्या देठाचा सगळ्यात विषारी, आणि त्याचीच भाकर सगळ्यात गोड. कीस भरलेल्या वेताच्या लांब पिळणीतून पांढरं पाणी गळायला लागलं की ती मडक्यावर फळी ठेवायची, फळीवर धोंडा, आणि ते पाणी उकळून काळं होईपर्यंत जागची हलायची नाही. पोरंच काय, कोंबडीसुद्धा जवळ फिरकू द्यायची नाही. मी म्हणायची, "आई, धोंडा आहे की वर. जरा पाठ टेका." ती ऐकेल तर शपथ.

आणखी एक खोड. बेटावर पाय ठेवला की काजूच्या जुन्या झाडाकडे बघून म्हणायची, "आले गं." मी चिडवायची, "कुणाला हाका मारता? जाऊबाईंना?" त्यावर मात्र ती कधी उलटून बोलली नाही.

सहासष्ट साली मे महिन्यात इंग्रज गेले. शाळेवर नवा झेंडा चढला, पोरांना बिस्किटं मिळाली. आपण आता स्वतंत्र गयाना, असं कॅप्टनने, म्हणजे आमच्या गावच्या मुखियाने, जाहीर केलं. सासू म्हणाली, "बरं झालं. काळ्या देठाचे काढायला आलेत, उद्या लवकर ऊठ." नदीपलीकडे व्हेनेझुएला. आमच्या या सगळ्या मुलखावर त्यांचा जुना दावा आहे, हेही कॅप्टन दर सभेत सांगायचा आणि आम्ही जांभया द्यायचो. भांडण राजधान्यांचं, आम्हाला त्याचं काय? सासूची सख्खी बहीण पलीकडेच दिलेली होती. एकमेकींकडे मासळी पोचवायच्या.

आणि ऑक्टोबरात एका सकाळी आम्ही दोघी टोपल्या घेऊन बेटाला लागलो, तर डोक्यावरून गोळी गेली.

देवाशपथ सांगते, मी टोपली उलटी डोक्यावर घेतली. समोर तंबू, बांबूवर पलीकडचा झेंडा, सात-आठ शिपाई. निम्म्याअर्ध्या कसाव्याची झाडं आडवी पाडलेली. कालपर्यंत तिथे आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं! त्यांचा हवालदार ओरडला, "हे बेट आमचं आहे. परत फिरा."

सासूला त्यांची भाषा येत होती, मलाही ऐकून ऐकून कळायची. ती म्हणाली, "तुमचं? कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग काल मी कुणाचं तण काढत होते?"

त्याने बंदूक तिच्या छातीवर रोखली. मी तिचा झगा धरून तिला खाली बसवलं आणि होडी वळवली. निम्म्या नदीत आल्यावर सासूचं वल्हं थांबलं.

"मेविस, तंबूपाशी ढीग पाहिलास?"

"कसला ढीग? मला बंदुकीशिवाय काही दिसलं नाही."

"कंद सोलून ठेवलेत. काळ्या देठाचे. आता पातेलं चढवतील."

मला माझंच पातेलं आठवलं.

गोळीचा आवाज ऐकून गाव घाटावर जमलंच होतं. सासूने दोन वाक्यांत सांगितलं. कॅप्टन ऑगस्टस चक्क हसला. "खाऊ देत की! एक गोळी न झाडता बेट परत मिळतंय. देवानेच न्याय केला, मावशी."

"ते मी लावलंय," सासू म्हणाली.

"लावलंस ना, वाढायला तर गेली नाहीस?"

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझा पांढरा परकर दोरीवर वाळत होता, तो ओढला, काठीला बांधला आणि होडीत चढली. विल्फ वर हिऱ्यांच्या खाणीवर गेलेला. आता म्हातारीला एकटी कशी सोडू? शिव्या देत मीही चढले. "बाई, तुम्हाला वेड लागलंय," मी म्हणत होते. "ते गोळ्या घालतील. त्यांच्यासाठी मरायचं? कोण लागतात ते तुमचे?"

वल्हं मारता मारता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मला विल्फच्या आधी एक मुलगी होती. रोझिना. तीन वर्षांची. मी पिळणी ताणत होते, पाठ वळली. पांढरं पाणी, तिला दूध वाटलं. काजूखाली ठेवलीय तिला."

माझे हात थांबले. नऊ वर्षं मी त्या झाडावरून चेष्टा करत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"वल्हव," सासू म्हणाली.

पुन्हा बंदुका उठल्या. सासू परकर हलवत किनाऱ्यावर उतरली, ओरडत, "खाऊ नका! विष आहे!" पातेलं रटरटत होतं. काजूच्या बुंध्याला एक डुकराचं पिल्लू बांधलेलं, पुढ्यात सालींचा ढीग. हवालदार हसला. "आजीबाई, माझ्या आईने हेच उकडून मला मोठं केलंय. कंद वाचवायला थापा मारता होय?"

"तुझ्या आईचा गोड होता, बाबा. हा कडू."

"चला, निघा."

सासूने वल्हं उचललं आणि पातेलं उलथलं. अगदी माझं उलथलं होतं तसं. बंदुकीचा दस्ता तिच्या खांद्यावर बसला, काडी मोडावी तसा आवाज आला. ती चिखलात पडली आणि मी किंचाळले. सगळ्या नळ्या आमच्याकडे वळल्या. संपलं, मला वाटलं.

तेवढ्यात डुक्कर ओरडलं. पुढचे पाय दुमडले, तोंडाला फेस आला, अंग झटकत ते आडवं झालं आणि थंड पडलं. मग त्यांच्यातला स्वयंपाक करणारा, कोवळ्या मिशांचा एक शिपाई, पांढरा पडून खाली बसला. "मी दोन भाजून खाल्ले," तो म्हणाला.

एका हाताने सरपटत सासू त्याच्यापाशी गेली, घशात बोटं घालून त्याला ओकायला लावलं, पुन्हा पाणी पाजलं, पुन्हा ओकायला लावलं. दुपार कलेपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तो वाचला. हवालदाराने टोपी काढली. मला वाटलं, आता हा पाया पडतो आणि चंबूगबाळं आवरतो. कसलं काय! सासूने दोनच गोष्टी मागितल्या. "सातही जातींच्या काड्या मला लावायला नेऊ द्या. आणि त्या झाडाखाली माझी मुलगी आहे, तिथे जनावर बांधू नका."

"वर विचारतो," तो म्हणाला.

वरून उत्तर आलं तिसऱ्या दिवशी. आम्हाला धूरच दिसला. अख्खं शेत पेटवलं होतं! पलीकडच्या बहिणीने नंतर निरोप आणला, तिकडे लोक म्हणतात की आपल्या जवानांना मारायला शत्रूने मातीत विष पेरलं होतं. सासू हात गळ्यात बांधून घाटावर उभी. "पिवळ्या देठाचा गेला," ती म्हणत होती. "आता तांबडा." मग काजूने पेट घेतला, तेव्हा ती बोलायची थांबली.

कॅप्टन मागून म्हणाला, "म्हटलं होतं ना, खाऊ द्यायचं होतं."

"हो का?" सासू वळली. "आणि त्या पोरांच्या आयांना कळवायला तू जाणार होतास?"

सासूचा तो खांदा पुन्हा वर झाला नाही. दुसऱ्यांच्या शेतातल्या काड्या आणून तिने लावल्या, भाकऱ्या केल्या. घास तोंडात घालायची, चावायची, आणि उरलेली भाकर माझ्याकडे सरकवायची. बेट त्यांच्याकडेच राहिलं.

चार वर्षांनी शिरगणतीचा कारकून आला, किनाऱ्याकडचा, घामाघूम. सासूला विचारायला लागला. "मुलं किती?"

"दोन."

मी चपापले. लोकांना ती एकच सांगायची.

"दोघं इथेच?"

"मुलगा इथे. मुलगी परदेशात."

"अरे वा!" कारकुनाचा चेहरा खुलला. "कुठे, लंडनला?"

"व्हेनेझुएलात."

"वय?"

"तीन."

त्याने लिहिता लिहिता मान वर केली. "काय हे आजी! तीन वर्षांचं लेकरू एकटं परदेशात पाठवलंत?"

"मी नाही पाठवलं," सासू म्हणाली.