मिलिंदचा बोर्ड

मिलिंद गेला, आणि आठवडाही व्हायच्या आत मी त्याच्या आईशी भांडलो.

फ्लेक्सवरून.

तुमच्यातले बरेच जण मिलिंदला ओळखत नसतील. त्याचं काम मात्र तुम्ही पाहिलेलं आहे. पुस्तकांची कव्हरं, नाटकांची पोस्टर्स, माझ्या व्याख्यानांची झाडून सगळी पोस्टर्स. ग्राफिक डिझायनर. मुक्काम वारजे.

हार्ट अटॅक. पन्नाशीसुद्धा गाठली नाही.

आज त्याचं पुण्यानुमोदन, म्हणजे श्रद्धांजलीची सभा. म्हणून लिहितोय.

या शहरात एक समजूत घट्ट बसली आहे, की सौंदर्य ही बाहेरून मागवायची वस्तू आहे. एजन्सीतली मंडळी परदेशी वेबसाइट उघडून 'रेफरन्स' शोधत बसतात. मिलिंद त्या वेळी जिना उतरून चौकात जायचा.

तिथे उभा राहायचा आणि बघायचा. टोपलीत लिंबं कशी रचली आहेत. इस्त्रीवाल्याने घडीवर घडी कशी ठेवली आहे. हातगाडीवर ताडपत्री कुठून कुठे ओढली आहे.

त्याचा तो निळा रंग आठवतो? लोक त्याला शेड नंबर विचारायचे. शेड नंबर कुठला! भीमजयंतीच्या आदल्या दिवशी त्याची आई पांढरी साडी नीळ घालून बादलीत बुडवायची. त्या पाण्याचा रंग होता तो. छपाईत तो रंग हुबेहूब साधेपर्यंत त्याने प्रेसवाल्याला रडवलं होतं.

एकदा माझ्या घरी जेवायला बसला, आणि ताटाकडे नुसता बघतच राहिला.

"अरे, जेव की!"

"थांब. मीठ बघ. सगळ्यात लहान आणि सगळ्यात वर. तरी कुणी विसरत नाही. तुझ्या पोस्टरवर तारीख अशी पाहिजे."

"आणि माझं नाव?"

"तू स्टेजवर दिसणारच आहेस. पुन्हा कागदावर कशाला?"

माझ्या भाषणांबद्दलही त्याचं मत होतं. "चांगली असतात. संपली तर अजून चांगली होतील."

असा माणूस. आणि त्याला एकच गोष्ट मनापासून सहन व्हायची नाही. चौकातले श्रद्धांजलीचे फ्लेक्स. तेच आकाश, तेच ढग, त्याच पाकळ्या. "माणूस आयुष्यभर वेगळा जगतो," म्हणायचा, "आणि मेल्यावर सगळ्यांना एकाच ढगात कोंबतात."

म्हणून मावशी, म्हणजे त्याची आई, फ्लेक्सवाल्याकडे जाऊन स्वतः बोर्ड सांगून आल्याचं कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. ढग होते. पाकळ्या होत्या. कोपऱ्यात बुद्धमूर्ती, आणि मधोमध सोनेरी चौकटीत मिलिंदचा भला मोठा फोटो.

मी तडक वारज्याला गेलो. मावशी भाजी निवडत होत्या.

"मावशी, हे नको होतं हो त्याला."

"त्याला काय नको हुतं ते तू सांगतोस व्हय मला? मेथी नको, कांदा नको, लग्न नको. समदं ठावं हाय."

"आयुष्यभर या बोर्डांच्या विरोधात बोलला तो! आणि आपणच त्याला..."

"वरडू नको. सभा न्हाई हितं."

मग मोबाइल काढून मी करून घेतलेलं डिझाइन त्यांना दाखवलं. पांढरी जागा. मधे त्याच्या निळ्यात त्याचं नाव. बाकी काही नाही. त्याला अभिमान वाटला असता, असं मला खात्रीने वाटत होतं.

मावशींनी मोबाइल लांब धरून बघितला.

"आन् ह्यो कुठाय?"

"नाव आहे ना त्याचं."

"चौकात कुणाला ठावं हाय नाव?"

मी मोबाइल परत घेतला.

"रोज जाऊन त्या लोकांकडं टक लावून बघत ऱ्हायचा," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक न्हाई, वळख न्हाई. नुसतं तोंड ठावं हाय त्यांना. आता का येत न्हाई, ते कळाय नको का त्यांला? त्याचं तोंड लावल्याबिगर कसं कळंल?"

भाजीची जुडी संपली, तरी त्यांचे हात पानं शोधत होते.

"लाव बाबा तोंड. ढगात असू दे, न्हाईतर कुठं बी असू दे."

आज सकाळी बोर्ड लागला. ढगांत मिलिंद. बघवत नव्हतं. तरी मी समोरच उभा राहिलो.

शेजारच्या गजरेवाल्या बाईंनी हाक मारली.

"ओ दादा, हे चष्मेवाले गेले?"

"हो."

"अगं बाई! मला वाटलं, घर बदललं." हातातला दोरा तसाच राहिला. "इथंच उभे असायचे. गजरा कधी घेतला नाही. एकदा विचारलं, काय बघता ओ? तर म्हणाले, तुमची गाठ. मी म्हटलं, शिकून दुकान टाकताय का माझ्यासमोर? लई हसले."

मग हळूच म्हणाल्या, "काय करायचे ओ ते?"

त्या बसतात त्याच्या बरोबर वर वाचनालयाची पाटी आहे. पाटीवरचं चिन्ह मिलिंदचं. एकच रेघ, फिरून स्वतःतच अडकलेली. ते चिन्ह मी शेकडो वेळा पाहिलं असेल. काय आहे ते, हे आज कळलं.

मी बोट वर केलं. "ती तुमची गाठ आहे. तुमच्याकडे बघून काढलेली."

त्या मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या.

"मग सांगायचं की हो," त्या म्हणाल्या. "एवढा वेळ उभे राहायचे. बसायला स्टूल दिलं असतं."

मिलिंद, मित्रा, शेवटचा जय भीम.