देवीच्या कपाळावरचं कुंकू

डोंबिवली पूर्वेला विमलाबाईंचं पोळी-भाजी केंद्र आहे आणि त्याच इमारतीत वर त्यांचं घर. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की शेजारच्या रतनताई न चुकता म्हणतात, "काकू, तुम्ही आत मसाला दुधाचं बघाल ना? तुमच्यासारखं कुणाला जमत नाही." रतनताईंच्या मनात कपट नसतं. बाहेर बायका एकमेकींना कुंकू लावत असताना विमलाबाई आत गॅसपाशी असल्या, की कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

यंदा मुलाने, दिपेशने, त्यांना सोसायटीतल्या बायकांबरोबर लंडनच्या सहलीला धाडलं. तिथे उतरल्या उतरल्या रतनताईंनी टूरच्या बसच्या स्टिअरिंगला हळदकुंकू वाहिलं. गोऱ्या ड्रायव्हरने हौसेने फोटो काढून घेतला. रतनताईंचा हळदीकुंकवाचा चांदीचा करंडा कायम पर्समध्ये.

एका सकाळी टूर मॅनेजर सुशांत सगळ्यांना कला आणि डिझाइनच्या एका प्रचंड म्युझियममध्ये घेऊन गेला. गालिचे, खुर्च्या, चहाची भांडी, राण्यांचे झगे. एवढे झगे बघून एकीला कल्याणच्या लग्नाच्या दुकानाची आठवण झाली, तर दुसरी म्हणाली की तिथे निदान बसायला गादी आणि प्यायला कोल्ड्रिंक तरी देतात. रतनताई बाथरूमला जाताना पर्स विमलाबाईंकडे सोपवून गेल्या. बाकीच्या दागिने बघायला पांगल्या.

विमलाबाई वळल्या, तर समोर देवी. काळ्या दगडाची, पायाखाली महिषासुर, बसक्या चौथऱ्यावर, पुढे काचही नाही. कपाळ कोरडं.

आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. त्यांनी पर्स उघडली, करंडा काढला आणि आधी हळद, मग कुंकू, अनामिकेने देवीच्या कपाळावर लावलं. हात जोडले. करंडा जागेवर ठेवला आणि बोट रुमालाला पुसलं.

थोड्या वेळाने तिथे राखणीला असलेली बाई आली. ती ओरडली नाही, पण तिचा चेहरा उतरला. सुशांतला बोलावणं गेलं, त्याच्यामागून रतनताई आणि बाकीच्याही जमल्या. दगड सच्छिद्र आहे, रंग आत मुरतो, आता साफ करणाऱ्या तज्ज्ञांना आणावं लागेल, असं ती सांगत होती आणि सुशांत मराठीतून सांगताना घाम पुसत होता. हे कुणी केलं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

सगळ्यांच्या माना रतनताईंकडे वळल्या.

रतनताईंनी तोंड उघडलं. मग विमलाबाईंच्या हातातल्या आपल्या पर्सकडे पाहिलं. विमलाबाई देवीच्या पायांकडे बघत होत्या.

"हो," रतनताई म्हणाल्या, "माझ्याकडून झालं."

"ताई, हे देऊळ नाहीये ओ. किती वेळा सांगितलेलं मी," सुशांत म्हणाला. रतनताईंनी यापुढे आत फिरू नये, बाहेर दारापाशी बसावं, असं ठरलं.

विमलाबाईंच्या घशातून आवाज निघाला तो अगदी बारीक. "मी लावलं."

"काकू, राहू द्या," एकीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही कशाला कुंकवाला हात लावाल? रतनला वाचवताय होय. किती मोठं मन तुमचं."

आपणच लावलं, हे पुन्हा एकदा ठणकावून सांगायला हवं होतं. त्याऐवजी विमलाबाई सगळ्यांबरोबर पुढच्या दालनात गेल्या, मग त्याच्या पुढच्या. तिथे काय होतं, ते त्यांना आजही सांगता येत नाही. त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक मात्र दर दालनात नव्याने होत होतं आणि त्या मान खाली घालून ते ऐकत होत्या.

शेवटी पाय दुखतात म्हणून त्या बाहेर आल्या. रतनताई बाकावर एकट्याच होत्या. पर्स त्यांच्या मांडीवर ठेवून विमलाबाई शेजारी टेकल्या.

"तू का घेतलंस अंगावर?"

"मग काय करू? चारचौघींत तुमचं नाव घेऊ?"

"घेतलं असतंस तर काय झालं असतं?"

रतनताई पर्सच्या चेनशी चाळा करत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पण काकू, का?"

"कुणाला तरी लावावंसं वाटलं, माझ्या हाताने. देवीने काही कपाळ मागे घेतलं नसतं."

रतनताईंचे कान लाल झाले.

बस सुटली. भेंड्या खेळायला सुशांतने माइक सुरू केला, तेव्हा विमलाबाई उठल्या, सीटच्या कडा धरत पुढे गेल्या आणि तो त्याच्या हातातून घेतला. आपला आवाज बसभर एवढा मोठा ऐकून त्या दचकल्याच.

"रतनने काही केलेलं नाही. कुंकू मी लावलं. मला लावायचं होतं म्हणून लावलं." त्यांनी उजवा हात वर केला. अनामिकेचं टोक अजून लालसर होतं. "दगड खराब झाला, त्याची मला लाज वाटते. रतनला बसवून ठेवलं, त्याची त्याहून जास्त वाटते. कुंकवाची मात्र नाही वाटत."

सगळ्या बायका एकदम खिडकीबाहेरचं लंडन बघायला लागल्या. रतनताईंनी तर मान वरही केली नाही. विमलाबाईंनी माइक सुशांतला दिला, आणि बस सिग्नलला थांबली तरी त्या दांडा धरून तिथेच उभ्या राहिल्या, कारण परत जागेवर जायचं तर त्या सगळ्यांच्या मधून जावं लागणार होतं.