तिसऱ्या गिअरची पट्टी

मंडळी, आज डोकं पार फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा तिसरा गिअर चालता चालता निसटायचा. त्यावर माझ्या सासऱ्यांचा, मामंजींचा, एकच उपाय. गिअरचा दांडा रबराच्या पट्टीनं सीटला करकचून बांधायचा. अशी कित्येक वर्षं काढली. शेवटी ऐन गव्हाच्या पेरणीत गिअरबॉक्सनं मान टाकली. इकडे शेतातली ओल उडत चाललेली आणि आम्ही जवळच्या बागली गावात मिस्त्रीच्या दारात बसलेलो.

आज त्यानं झिजलेला गिअर बदलला, त्याला सरकवणारा फोर्कही बदलला. निघताना मामंजींना अक्षरशः हात जोडून म्हणाला, "बासाब, अब इसको बांधना मत. बांध-बांध के ही फोर्क घिसा है."

मामंजींनी मान डोलावली. घरी येईपर्यंत गिअर एकदाही निसटला नाही. मी खुशीत पाणी प्यायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर पट्टी पुन्हा बांधलेली!

"अहो मामंजी, मिस्त्री काय म्हणाला?"

"अगं, सैलच बांधलीय. आधार असू दे त्याला."

मी पट्टी सोडली आणि घरात नेऊन लपवली. ते पेरणीला गेले. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी चहा घेऊन शेतात गेले. पेरणी झकास चाललेली, गिअर जागच्या जागी, आणि दांड्याला मामंजींचा गमछा करकचून बांधलेला.

ट्रॅक्टर तर दुरुस्त झाला हो. आता मामंजींना कुठल्या मिस्त्रीकडे नेऊ?