शैलेंद्र काकांची डेंटिस्ट अपॉइंटमेंट

शैलेंद्र काकांचे दात एकदम मस्त आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्या ऑफिसात सगळ्यांना वाटतं बिचाऱ्याचे दात किडलेत. मुकिलन सरांचा नवा अल्बम इंडियात रात्री बाराला येतो, तेव्हा आमच्याकडे अमेरिकेत, हर्नडनला दुपारचे अडीच झालेले असतात. काका कॅलेंडरवर 'डेंटिस्ट' टाकतात आणि पार्किंगमधल्या गाडीत जाऊन बसतात. पूर्वी वर्षाला दोन अल्बम यायचे, म्हणजे दोन रूट कॅनल.

मुकिलन म्हणजे तमिळ सिनेमाचे म्युझिक डायरेक्टर. आणि काका पक्के नागपूरचे, तमिळ येतं ते फक्त जेवण मागण्यापुरतं! पण पंचविसेक वर्षांपूर्वी त्यांची पहिली नोकरी चेन्नईला लागली. कुणी ओळखीचं नाही, भाषा कळत नाही, रोज आईची आठवण. तेव्हा विष्णू नावाच्या रूममेटने एक कॅसेट लावली आणि काका म्हणे भिंतीला टेकून बसले ते उठलेच नाहीत. विष्णू एकेका ओळीचा अर्थ सांगत गेला, काका लिहीत गेले. तेव्हापासून वही आहे. डाव्या पानावर तमिळ गाणं देवनागरीत, उजव्या पानावर विष्णूने सांगितलेला अर्थ. अशा सात वह्या आहेत. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहते (माझे बाबा त्यांचे मावसभाऊ), तर मला भाड्यातून सूट आहे की नाही माहीत नाही, पण वहीला हात लावायची परवानगी आहे. काकूंनाही नाही!

तर त्या गुरुवारी माझा क्लास कॅन्सल झाला आणि मी हट्टाने त्यांच्या गाडीत जाऊन बसले.

"बोलायचं नाही, फोन बघायचा नाही, गाणं पुढे ढकलायचं नाही," काका म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाणी ऐकायला, यार!

पाच गाणी झाली. काका समोरच्या कचऱ्याच्या डंपस्टरकडे बघत होते.

"गाडीचे स्पीकर गेलेत बहुतेक."

घरी येऊन हेडफोन लावले. मग टीव्हीचे स्पीकर. मग किचनमधला काकूंचा छोटा स्पीकर, ज्यावर त्या भजनं लावतात.

"अहो, आता मिक्सरला जोडून ऐकता का?" दीपा काकू म्हणाल्या.

"सरांची गाणी स्लो पॉयझन असतात. हळूहळू चढतात. तीनदा ऐकल्याशिवाय बोलायचं नसतं."

आणि मी मूर्ख, मला गप्प बसता येत नाही. "काका, बोर आहे. पाचही सेम वाटतात. कुणीही केलं असतं असं."

काकांनी काकूंचा स्पीकर बंद केला आणि खोलीत निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग भांडी लावताना काकूंनी मला सांगितलं. दीड वर्षापूर्वी मागचा अल्बम आला तेव्हा विष्णू काका, जे आता सॅन होजेला असतात, फोनवर म्हणाले होते, 'सर संपले.' काकांनी त्यांना तुला कान नाहीत म्हटलं, तू कधी फॅन नव्हतासच म्हटलं, आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून बोलणं बंद. "आता हा अल्बम वाईट म्हणायचा म्हणजे विष्णू बरोबर होता म्हणायचं," काकू म्हणाल्या. "आणि हे काही म्हणायचे नाहीत. नागपूरचं संत्रं आहे ते, सोलायला बसलं की डोळ्यात उडतं."

शनिवारी सकाळी मी वर आले तर काका डायनिंग टेबलवर वही उघडून बसलेले. डाव्या पानावर एकच ओळ. मी मागची पानं उलटली. मागच्या अल्बमची अकरा गाणी डावीकडे नीट लिहिलेली, आणि उजवीकडची सगळी पानं कोरी. विष्णू काकांशिवाय अर्थ सांगणार कोण!

"काका, सॉरी. मी तसं बोलायला नको होतं."

"तू खरंच बोललीस गं." चष्मा काढून ते पुसायला लागले. "पण तुला बोर वाटलं. मला कोणी घरातलं गेल्यासारखं वाटतंय. आता हे कोणाला सांगू मी? हिला सांगितलं तर ही म्हणेल, दुसरं काही ऐका."

"ज्याला कळेल त्याला सांगा ना."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता बेसमेंट गेलं. पण त्यांनी फोन उचलला. मग ठेवला. मग परत उचलला, विष्णू काकांना लावला आणि स्पीकरवर टाकला. ते दोघं इंग्लिश, हिंदी आणि काकांच्या मोडक्या तमिळमध्ये बोलतात, मी मराठीत लिहिते.

पलीकडून पहिलं वाक्य आलं, "दात कसे आहेत?"

"सगळे पडले रे," काका म्हणाले. "तू बरोबर होतास. सर संपले."

"गप्प बस! चौथं गाणं ऐकलंस? दुसऱ्या कडव्याआधी बासरी येते ती? तिथे आहेत सर. चाळीस सेकंद आहेत, पण आहेत."

"तूच म्हणाला होतास ना संपले म्हणून?"

"मी म्हणू शकतो. तू कसा म्हणतोस? मी म्हणायचं आणि तू भांडायचं, असं आहे ना आपलं? दीड वर्ष कुणी भांडलं नाही माझ्याशी. बायको सगळ्याला हो म्हणते."

काकू किचनमधून ओरडल्या, "इथे पाठवा थोडे दिवस तिला!"

विष्णू काका हसले. मग म्हणाले, "वही आहे?"

काकांनी वहीत लिहिलेली ती एकच ओळ वाचून दाखवली, चौथ्याच गाण्याची होती. उच्चार भयंकर असणार, कारण विष्णू काकांनी ती दोनदा म्हणायला लावली.

"लिही. तुझी चप्पल अजून दारात आहे, म्हणजे तू गेली नाहीस."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी गाण्यात काही नाही, कचरा आहे."

"कचरा काय म्हणतोस बे? स्लो पॉयझन आहे!" काका उसळून म्हणाले आणि लिहायला लागले. डोळ्यातलं पाणी पडून शब्द पुसट होत होते तरी लिहीत होते.

मग हळूच म्हणाले, "मागची अकरा पण राहिली आहेत रे."

"एका बैठकीत नाही होणार."

अल्बम बोरच आहे, मी अजूनही तेच म्हणेन. पण काकांनी तिथेच लॅपटॉप उघडून पुढचे अकरा गुरुवार दुपारी अडीच ब्लॉक केले. सगळीकडे डेंटिस्ट. सोमवारी मॅनेजरने त्यांना विचारलं म्हणे, इतकं सीरियस आहे का?

काका म्हणाले, "दीड वर्ष दुर्लक्ष केलं ना, म्हणून."